मदत हवी आहे: मोटरहोम घेऊन बॅन्फ-जॅस्पर, सोबत सासूबाई

रानजाई, पुणे

मंडळी, नमस्कार. पुढच्या जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात कॅनडातल्या रॉकी पर्वतात जायचं चाललंय. भाची कॅलगरीत असते. तिच्याकडे दोन दिवस टेकून पुढे बॅन्फ आणि जॅस्पर ही राष्ट्रीय उद्यानं, एकूण आठ रात्री. माणसं चार: मी, नवरा, चोवीस वर्षांची लेक आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई.

हॉटेलऐवजी मोटरहोम डोक्यात आलं ते सासूबाईंमुळेच. गुडघे दुखतात, दर दीड तासाने बाथरूम लागतं, आणि बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर झेपत नाही. गाडीतच संडास, गाडीतच ओटा, प्रवासात त्या मागे पलंगावर आडव्या होतील, असा माझा हिशोब. त्यांना कल्पना इतकी आवडली की मिसळणाचा डबा आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.

नवरा म्हणतो, जमेल. त्याचा अनुभव म्हणजे वीस वर्षं कुंभार्ली घाटातून पुणे-गुहागर, तेही छोट्या गाडीतून. इथे पंचवीस फुटी धूड, आणि चालवायचं रस्त्याच्या उजव्या बाजूने. आमच्या सोसायटीच्या फाटकातून तो गाडी मागे घेतो तेव्हाही मला रामरक्षा आठवते. (तोही इथे वाचतो. असू दे.)

तर, साधा कारचा परवाना चालतो का? मुक्काम आधी ठरवावे लागतात, की चांगली जागा दिसली की रस्त्याकडेला थांबलं तरी चालतं? फोडणीच्या वासाने अस्वल येतं असं भाची सांगते, ती चेष्टा करते की खरंच? आणि एक प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नाहीये: त्या संडासाची टाकी रिकामी कोण करतं?

बर्फाळलेला

कॅलगरीत राहतो, दोनदा केलंय. आधी वाईट बातमी. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. पलंगावर आडवं होणं फक्त गाडी उभी असताना. संडासही तसाच, पण थांबलात की दोन पावलांवर असतो, हे सुख उरतंच. गाडी निवडताना 'किती जण झोपतात' यापेक्षा 'पट्ट्यांच्या जागा किती आणि कुठे' हे विचारा.

रस्त्याकडेला मुक्काम नाही. राष्ट्रीय उद्यानात रात्र काढायची ती कॅम्पग्राउंडवरच. आरक्षण पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर वर्षाच्या सुरुवातीला उघडतं, दर उद्यानाची तारीख वेगळी. ते उघडतं तिथल्या सकाळी ८ ला, म्हणजे हिवाळ्यात पुण्यातले रात्रीचे साडेआठ. जेवणं लवकर उरकून बसा.

बॅन्फ गावाजवळ टनेल माउंटन ट्रेलर कोर्टला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही मिळतं. पहिल्या दोन रात्री तिथेच घ्या, सवय होईल. लेक लुईस या तलावाकाठच्या गावी पक्क्या भिंतींच्या गाड्यांसाठी वेगळा कॅम्प आहे, तिथे फक्त वीज. जवळच्या मोरेन लेक या तलावाच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी वाहनं बंद आहेत, तेव्हा मोटरहोम असो की मोटार, शटल बसचंच तिकीट काढावं लागतं.

परवाना: कारचाच चालतो. पुण्यातून निघताना आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, मुदत १ वर्ष, आणि मूळ परवानाही सोबत हवाच. कॅलगरी ते बॅन्फ साधारण १३० किलोमीटर, रुंद चौपदरी महामार्ग. कुंभार्ली उतरणाऱ्याला रस्त्याची भीती नाही, पार्किंगची आहे.

खडकवासला

टाकीचं मी सांगतो, कारण आमच्या गाडीवर ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

टाक्या दोन. काळी म्हणजे संडासाची, करडी म्हणजे मोरी-अंघोळीची. कॅम्पग्राउंडवर 'सॅनी-डंप' म्हणून जागा असते. गाडी तिथे लावायची, हातमोजे घालायचे, जाड नळी गाडीच्या तोंडाला आणि जमिनीतल्या भोकाला घट्ट बसवायची. आधी काळी सोडायची, मग करडी. हा क्रम चुकवू नका, करडीच्या साबणपाण्याने नळी धुतली जाते. काळीची झडप कधीही सताड उघडी ठेवून राहू नका, अगदी जोडणी असली तरी. पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत बसतं. दोन-तृतीयांश भरली की मगच सोडा. टाकीत मोटरहोमसाठीचाच विरघळणारा कागद टाका.

पहिल्या दिवशी नळी नीट बसली नव्हती. जास्त सांगत नाही. बूट तिथेच टाकून दिले.

ओलं_खोबरं

अस्वलाची चेष्टा नाही हो. वास हेच तिथलं मुख्य भय. नियम असा की माणूस जवळ नसताना बाहेर काहीही ठेवायचं नाही: भांडी, तेलाची बाटली, कचरा, रिकामा डबासुद्धा. सगळं गाडीच्या आत. खरकटं पाणी झाडीत फेकायचं नाही. अस्वलापासून १०० मीटर, हरीण-एल्कपासून ३० मीटर लांब राहायचं. अस्वलाला पळवून लावायचा फवारा विमानात नेता येत नाही, कॅलगरीत घ्या.

फोडणीचं खरं संकट आतलं आहे. धूर ओळखणारी घंटा डोक्यावरच असते, मोहरी तडतडली की ती बोंबलते. आम्ही पुण्याहून फोडणीच करून नेली, बाटलीत. कुकर न्याच. लेक लुईस १,५०० मीटरहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या वर. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही.

चक्रधर

माझं मत वेगळं. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी, लेक लुईस ते जॅस्पर २३० किलोमीटर, आणि मध्ये इंधन एकाच ठिकाणी, सस्कॅचेवान क्रॉसिंगला. वर रोज टाकी, जोडणी, पसारा. आजींना आराम हवा तर मोठी मोटार आणि स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या. हौस म्हणून मोटरहोम ठीक, सोय म्हणून नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. चक्रधर, तुमचं घरात वाचून दाखवलं. नवरा तुमच्यावर नाराज आहे, लेक तुमच्या बाजूने.

ठरलं ते असं: बॅन्फमध्ये चार रात्री मोटरहोम, मग ती कॅलगरीत परत करून जॅस्परला मोटारीने आणि केबिन. थोडा उलटा हेलपाटा पडतो, पण अवघड आठवडा निम्मा होतो. पट्ट्याचं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग मी पुढे बसते, नकाशा धरते.

खडकवासला, नळीचा विषय काढल्यावर नवऱ्याने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि विचारलं, बूट कुठल्या कंपनीचे होते? आता एकच राहिलं: चौघांना २२ फुटी पुरते, की २५ च घ्यावी?