साडेतीन वर्षांच्या मुलीच्या हाती कात्री द्यावी का?

प्रश्न: लेकीला सारखी कात्री हवी असते. मला धास्ती वाटते. त्याआधी हाताला वळण लागेल असं काय करून घेऊ? धाकटा दीड वर्षाचा आहे.

उत्तर: मी बालवाडीत शिकवते. ताई, कात्री जरूर द्या, बोथट टोकांची; पण आधी भरपूर कागद फाडू द्या. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून फाडताना एक हात पुढे जातो, एक मागे, आणि बोटांत बळ येतं. मग दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून गोळा मळा. त्याच्या वळ्या करून कापायला द्या, मुलं रमून जातात! कागदावर याल तेव्हा जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या घ्या. एका कापात तुकडा पडतो. पातळ कागद पात्यांत दुमडतो आणि मूल वैतागतं. अंगठा वरच्या बाजूला हवा, एवढंच सांगत राहा. ती डावखुरी असेल तर कात्रीही डावखुऱ्यांचीच घ्या, नाहीतर कापायची रेघ पात्याआड जाते.

दुसरं उत्तर: त्या गोळ्यात मीठ फार असतं, धाकट्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. मणी, बटणंही तो झोपल्यावरच काढा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! तुकड्यांचं काय करू?

उत्तर: खळीने चिकटवू द्या. चित्र कसलं, ते तिलाच ठरवू द्या. तुम्ही आधी रेखाटून देऊ नका.