मदत हवी आहे: खानापूर भागात घरी येऊन सेवा देणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझ्या आत्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय. केमो थांबवून आता फक्त वेदना कमी ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या खानापूर तालुक्यात स्वतःच्या घरीच राहणार म्हणते. आमचीही तीच इच्छा आहे.

गोव्यातलं शांती अवेदना सदन आणि बेंगळुरूचं करुणाश्रय, दोन्ही अशाच रुग्णांसाठी आहेत. पण तिला घर सोडायचं नाही. बेळगावहून घरी येणारी पॅलिएटिव्ह नर्स, म्हणजे अशा आजारात वेदना कमी ठेवण्याची काळजी घेणारी नर्स, कुणाला माहीत आहे का? तिला मराठी यायलाच हवं. आत्याला कन्नड येत नाही, आणि कुठं, कसं दुखतंय हे तिनं स्वतः सांगितल्याशिवाय औषध ठरणार कसं?

दुसरं, मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध. २०१४ साली कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालंय, पण साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. बेळगाव, निपाणी किंवा हुबळीत कुठे मिळतं? सवय लागेल म्हणून काका घाबरतात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर व्यसनाची भीती फार कमी, उलट त्यानं बद्धकोष्ठता होते म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतं, हे त्यांना मी समजावतेय. कुणी घरात वापरलं असेल तर त्यांच्याशी बोलाल का?

वहिनी रात्र-रात्र जागतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. रात्रीपुरती विश्वासू बाई मिळाली तर फार उपकार होतील. कृपया चमत्कारी काढे सुचवू नका. माहिती असेल तर मेसेज करा.