‘सिन्सिअर’ म्हणजे बिनमेणाचा? पुरे करा आता

खडूस मास्तर: काल पुन्हा कुणीतरी तेच चिकटवलंय. रोमन शिल्पकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे, प्रामाणिक कारागीर ‘सिने सेरा’, बिनमेणाचं, म्हणून विकायचे, त्यावरून ‘सिन्सिअर’. खाली अंगठ्यांची रांग! अहो, लॅटिनात ‘सिन्सेरुस’ हा धडधाकट शब्द आहे: स्वच्छ, निर्भेळ. रोमन कवी होरेस म्हणतो, भांडं ‘सिन्सेरुम’ नसेल तर ओताल ते आंबतं. इथे पुतळा कुठून आला? ‘सेम’ म्हणजे एक, त्याला वाढण्याचा धातू जोडून ‘एकाच वाणाचं’, ही फोड त्यातल्या त्यात पटणारी.

निशिगंधा: आमच्या बाईंनी मेणाची गोष्ट आठवीत सांगितली, म्हणून तो शब्द अजून डोक्यात आहे. तुमचा धातू मी संध्याकाळपर्यंत विसरेन.

खडूस मास्तर: लक्षात राहतं म्हणून खरं? मग व्हॅटिकन म्हणजे वाटिका हेही घ्या.

जय संस्कृत: हसा! ‘सेम’ आणि आपला ‘सम’ एकच ना? म्हणजे इथूनच गेला.

खडूस मास्तर: चुलतभाऊ आहेत. चुलतभावाला बाप म्हणत नाहीत.

टोरांटोकर: १६११च्या किंग जेम्स बायबलात ‘सिन्सिअर मिल्क’ आहे. बिनभेसळीचं दूध. मेणाचा संबंध नाही.

सांगलीचा गवळी: दुधाचं निघालंच आहे तर ऐका. दोन गाई आहेत. घरी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजायची नळी, २८ दाखवतो, संकलन केंद्रावर तेच दूध २६. थेंबभर पाणी नाही! भाव ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचा (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पॉइंट घसरला की पैसे कापले. हे सिन्सिअर दूध दाखवू कुणाला?

पिशवीवाली: आम्ही पिशवी काय भावाने घेतो ते बघा आधी. आणि गवळी पाणी घालतो हे शेंबडं पोरही सांगेल.

सांगलीचा गवळी: तोंड सांभाळा ताई. पहाटे चारला धार काढायला या, मग पाण्याचं बोला.

पिशवीवाली: माझ्या घरचा चहा रोज फाटतो, तो काय मी फाडते?

निशिगंधा: अहो, शब्दाचं काय झालं? बरं मास्तर, मेण गेलं, खूश? पण आपल्याकडे ‘पोरगा सिन्सिअर आहे’ म्हणजे वह्या पूर्ण आणि तोंडातून ब्र नाही. माझ्या भावाला हा शिक्का पाचवीत बसला. अजून ऑफिसात सगळ्यांची कामं तोच ओढतो. याची व्युत्पत्ती सांगा.

खडूस मास्तर: प्रगतिपुस्तकातला शेरा. तिथे लॅटिन हात टेकतं. बाईंना नमस्कार सांगा, शब्द तरी पोचवला त्यांनी.

सांगलीचा गवळी: म्हणजे माझ्या २६चं कुणी बोलणार नाही.