मदत हवी आहे: बाहुल्यांचे कपडे घरी शिवावेत की विकत घ्यावेत? (बजेट २०००, घाई आहे)

कैरीचं_पन्हं
नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार बाहुल्या आहेत, कलेक्शनच्या, खेळायच्या नाहीत. त्यांना कपडे हवेत. ऑनलाइन एकेक ड्रेस ९०० ते १२०० ला दिसतोय, म्हणजे सगळ्यांचे मिळून चार हजारांच्या वर. माझं बजेट २०००, त्यावर एक रुपया नाही. घरी शिवले तर स्वस्त पडतील का, की शिवायच्या नादात जास्तच जातात? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज. दोन ड्रेस कार्टमध्ये टाकून ठेवलेत, रात्री १२ ला सेल संपतोय.

टीपटाप
कुठल्या बाहुल्या? उंची किती? मशीन आहे का घरी?

रिकामटेकडा
बाहुलीला १२०० चा ड्रेस? माझा ऑफिसचा शर्ट ४०० चा आहे हो.

कैरीचं_पन्हं
बार्बीच आहेत. नेहमीचा साइझ.

टीपटाप
नेहमीचा साइझ असं आता काही राहिलेलं नाही. २०१६ मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने फॅशनिस्टा बाहुल्यांत कर्व्ही (भरलेली), टॉल (उंच) आणि पेटिट (ठेंगणी) असे तीन नवे बांधे आणले. साध्या बार्बीची जीन्स कर्व्हीच्या मांडीच्या वर सरकतच नाही. टॉलला साध्या बार्बीचा पूर्ण बाहीचा टॉप घातला की मनगटं उघडी राहतात. पेटिटला सगळंच ढगळ. कार्टमधल्या ड्रेसखाली "११.५ इंची बाहुलीसाठी" एवढंच लिहिलं असेल तर थांबा.

कैरीचं_पन्हं
तेवढंच लिहिलंय. 😑 बरं, नीट सांगते. १) आत्याने दिलेली साडीवाली बार्बी, नव्वदच्या दशकातली, डब्यावर लिओ मॅटेल (म्हणजे भारतात बनलेली) लिहिलंय. २) एक कर्व्ही. ३) अमेरिकेहून आलेली मोठी. ४) केन, बार्बीचा मित्र.

टीपटाप
केन! आणि मघाशी "बार्बीच आहेत"? मोठी म्हणजे १८ इंची का, कापडी पोटाची?

कैरीचं_पन्हं
हो हो, तीच. पण प्रश्न शिवायचं की घ्यायचं हा आहे ना.

शनवारपेठी
एवढी चर्चा कशाला? तुळशीबागेत या. बाहुलीचे कपडे, चपला, पर्स सगळं मिळतं. कापड, गोटा आणि लेस हवी असेल तर बोहरी आळी. २००० मध्ये बाहुली, तिची सासू आणि तुम्ही, तिघी नटाल.

कैरीचं_पन्हं
मी डोंबिवलीला राहते.

शनवारपेठी
मग इंद्रायणी एक्स्प्रेसने या, सकाळी येऊन संध्याकाळी परत.

चाळकरी
डोंबिवलीहून लेस घ्यायला पुण्याला? दादर, भुलेश्वर आणि मंगळदास मार्केट काय बंद पडलं?

शनवारपेठी
भुलेश्वरला अख्खा गुंडा घ्यावा लागतो. आमच्याकडे अर्धा मीटरही कापून देतात.

चाळकरी
अर्धा मीटर देतात आणि वर अर्धा तास ऐकवतात.

जर्सीकर
आमच्याकडे गराज सेलमध्ये बाहुलीच्या कपड्यांची अख्खी पिशवी ५ डॉलरला मिळते. १८ इंचीचे कपडे तर ढिगाने. तुमच्याकडे थ्रिफ्ट स्टोअर नाहीत का?

अण्णा_६२
बाळकृष्णाचे पोशाख का घेत नाही? पूजा साहित्याच्या दुकानात नंबरावर मिळतात. आमची ही दर जन्माष्टमीला आणते. घेर मोठा, जरी लावलेली, शिवाय स्वस्त.

टीपटाप
अण्णा, तो रांगणारा बाळकृष्ण असतो. त्याचा पोशाख म्हणजे मध्ये भोक असलेला गोल घेर. बार्बीला घातला तर लॅम्पशेड दिसेल.

अण्णा_६२
मी आपलं सुचवलं.

बाहुलीवाली
उशिरा आले. अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून थोडं लांबण लावते.

कपडे म्हणजे कोणते, यावर सगळं आहे. साडी, धोतर, उपरणं, ओढणी हे घरी करा. यात शिवण जवळजवळ नाही. जीन्स, जॅकेट, बूट विकत घ्या. ब्लाऊज मात्र सापळा आहे. दिसतं वीतभर कापडाचं काम, पण जीव काढतं.

आता साडी. बार्बी साधारण एकास सहा मापाची. आपली साडी साडेपाच मीटर, म्हणजे हिची ९२ सेंटिमीटर, आणि पन्हा १९ च्या आसपास. नऊवारी १ मीटर ३७. पण हा हिशोब जसाच्या तसा लावलात तर फसाल. लांबी सहापट कमी झाली तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. निऱ्या घातल्या की पोटावर उशी बांधल्यासारखं दिसतं. मी पाचवारीला ७० सेंटिमीटरच घेते, आतला वेढा चोरते आणि निऱ्या चारच काढते. कापड मलमल, व्हॉइल किंवा जुनी झालेली शिफॉनची ओढणी. कडक कॉटन नको, बाहुली कनातीत उभी राहिल्यासारखी दिसते.

काठ एक सेंटिमीटरच्या आतला. निऱ्या हातात धरून इस्त्रीच्या टोकाने दाबा, कंबरेला दोन टाके घाला. पिन लावून तशीच ठेवू नका, पिनेचा गंज व्हिनाइलवर, म्हणजे बाहुलीच्या प्लास्टिकवर उतरतो.

दोरा_संपला
+१. आणि खण वापरा! खणाचं ब्लाऊज, खणाचा काठ. अस्सल, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा घ्या.

बाहुलीवाली
खण मला जिवापाड आवडतो, पण बाहुलीवर नको. त्याची बुट्टी तिच्या छातीवर ताटलीएवढी दिसते. एका ब्लाऊजवर जेमतेम दीड बुट्टी बसते. कडाही धाग्या-धाग्याने सुटतात.

दोरा_संपला
मी केलंय आणि छान दिसतं.

बाहुलीवाली
फोटो टाका.

दोरा_संपला
फोन बदलला, जुने फोटो गेले.

कैरीचं_पन्हं
@बाहुलीवाली, थँक्यू!! पण मला ब्लाऊजच हवंय. आमच्याकडे गौरींपुढे आरास असते. यंदा लग्नाचा मांडव करतोय. साडीवाली बार्बी नवरी, केन नवरा, कर्व्ही करवली, मोठी म्हणजे मुलीची आई. गौरी यायला अठरा दिवस आहेत. सासूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

टीपटाप
हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं??

डबाबंद
थांबा. लिओ मॅटेलची जुनी बार्बी तुम्ही डब्यातून काढून समई, हळदकुंकू आणि उदबत्तीशेजारी ठेवणार? मूळ साडी, मूळ चपला, डबा सगळं असेल तर तिला हात लावू नका. संग्राहकाच्या दृष्टीने उघडलेली बाहुली म्हणजे

कैरीचं_पन्हं
डबा आत्याने १९९७ लाच उघडला होता. आत रिळं ठेवायची ती.

डबाबंद
🙏

इतिहासप्रेमी
अवांतर: बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात आली. किंमत ३ डॉलर. मॅटेलच्या सहसंस्थापक रूथ हँडलरबाईंना ती सुचली बिल्ड लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून. पहिले कपडे शार्लट जॉन्सन यांनी डिझाइन केले आणि जपानमध्ये बायकांनी घरोघरी हाताने शिवले. म्हणजे बाहुलीचे कपडे घरी शिवणं ही बार्बीचीच मूळ परंपरा. कंबर एवढी बारीक का, याचंही उत्तर वर बाहुलीवाली यांच्या हिशोबात आहे. माणसांचं कापड तिच्या मापाला जाड पडतं, त्यात कंबरपट्टी, अस्तर, चुण्या आल्या की कंबर फुगते. म्हणून आतली कंबर आधीच कमी ठेवली, असं कारण दिलं जातं.

रिकामटेकडा
आमच्याही कंबरेला जाड कापडामुळेच प्रॉब्लेम आहे.

चाळकरी
कैरीताई, सरळ शिंप्याकडे द्या की.

कैरीचं_पन्हं
गेले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या ब्लाऊजवाल्या ताईंनी बाही बोटात घालून पाहिली, म्हणाल्या, "माझ्या करंगळीचं ब्लाऊज शिवायला सांगताय." मग ३५० सांगितले. माझ्या ब्लाऊजचे त्या ३०० घेतात.

बाहुलीवाली
त्यांचं बरोबर आहे, खरं तर ५०० मागायला हवेत. इंटरलॉकला धरायलाही कापड नसतं.

ब्लाऊज असं करा. बाहुलीच्या धडाला आधी क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून मास्किंग टेप. पेनने खांदा, कुशी, गळा आखा, आणि पाठीमागून कापून सोलून काढा. सपाट पसरलं की तोच तुमचा कागदी कट. कर्व्हीचा वेगळा काढायचा, एकीचा दुसरीला चालत नाही. शिलाईसाठी ४ मिलिमीटर सोडा, सवयीने अर्धा इंच सोडलात तर आतल्या शिलाईनेच ब्लाऊज भरेल.

क्रमही आपल्या ब्लाऊजसारखा नाही. बाही आधी सपाट असतानाच मुंढ्याला जोडायची, मग मनगटापासून कंबरेपर्यंत कूस एका टिपेत. गोल शिवलेली बाही त्या मुंढ्यात बसवायला गेलात तर तुम्हीच सांगाल की विकतचं बरं. पाठ पूर्ण उघडी, दोन टिचबटणं.

मशीनवर शिवणार असाल तर ९ किंवा ११ नंबरची सुई आणि बारीक टीप. सुरुवातीलाच मशीन कापड गिळतं, म्हणून खाली पातळ कागद ठेवा आणि नंतर फाडून काढा.

टीपटाप
टिचबटणाऐवजी वेल्क्रो लावा, पाच मिनिटांचं काम.

बाहुलीवाली
नको! वेल्क्रोची काटेरी बाजू केसांत अडकते. नव्वदमधल्या बाहुलीचे केस एकदा विस्कटले की विस्कटले.

टीपटाप
पातळ वेल्क्रो मिळतो. मुलीच्या बाहुलीला तोच आहे, काही झालं नाही.

बाहुलीवाली
मुलगी खेळते, आरास बघायची असते.

टीपटाप
म्हणजे खेळणाऱ्या बाहुलीचे केस विस्कटले तर चालतात? बरं.

दोरा_संपला
कडा सुटू नयेत म्हणून बिनरंगी नेलपॉलिश. आधी कात्रणावर लावून बघा, रेशमावर डाग दिसतो. परकराला घेर हवा असेल तर जेन्ट्सचा रुमाल कापा. त्याची दुमडलेली कड आयती हेमिंग म्हणून येते. आमच्या ह्यांचे सहा रुमाल गेलेत, त्यांना वाटतं लाँड्रीवाला हरवतो.

कैरीचं_पन्हं
रुमाल!!! भारी. नवरीची साडी लाल जरीची करतेय, जुन्या शालूचा तुकडा आहे आईचा.

बाहुलीवाली
लाल? थेट व्हिनाइलवर? पांढरा रुमाल ओला करून शालूवर ठेवा आणि इस्त्री दाबा. रुमाल गुलाबी झाला तर रंग तिच्या कातडीतही उतरणार. आत पांढरं अस्तर लावा आणि गौरी गेल्या की त्याच दिवशी उतरवा.

अण्णा_६२
मीठ-तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो. आमची आई करायची.

बाहुलीवाली
आम्हीही करायचो अण्णा. भरवसा नाही. इस्त्रीची परीक्षा घ्याच.

जर्सीकर
डाग पडलाच तर बेन्झॉइल पेरॉक्साइडची मुरमांची क्रीम लावून उन्हात ठेवतात. तुमच्याकडे केमिस्टकडे मिळेल. चेहऱ्यापासून लांब, रंगवलेले ओठ-डोळे जातात.

रिकामटेकडा
बाहुलीला मुरमांची क्रीम. बघायचं एवढंच राहिलं होतं.

चाळकरी
मोठीचं काय मग? तिला झबलं चालेल का, बाळंतविड्यातलं?

टीपटाप
झबलं खांद्यावरून घसरतं. मुलीची आई आहे, साडीच हवी. १८ इंची म्हणजे साधारण एकास तीन. एक मीटर ८० बसेल, सव्वादोन मीटरची ओढणी आयती आहे. कापडी पोटामुळे टाचण्याही टोचता येतात.

कैरीचं_पन्हं
अपडेट. कार्ट रिकामं केलं. एकूण खर्च: मलमल आणि अस्तर १६०, टिचबटणं आणि गोटा ११०, सुया ४०, करवलीसाठी तयार घागरा-चोळी ऑनलाइन ६५०. (हो, घेतला. कर्व्हीसाठीचाच होता, नीट विचारून.) मोठीला माझीच ओढणी. नवरीची साडी अर्ध्या तासात झाली, ब्लाऊज सलग तीन रात्री. पहिल्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच निघाल्या. दुसऱ्याला मशीनने पाठ गिळली, कागद ठेवायला विसरले होते. तिसरं बसलं, डावा खांदा किंचित वर आहे, त्यावरून पदर घेतलाय.

सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हिला मंगळसूत्र?" काळी पोत करतेय.

आता केन. धोतर जमलं, उपरणं जमलं. पण बोडका नवरा बोहल्यावर कसा उभा करू? फेटा बांधला की गुळगुळीत डोक्यावरून घसरतो. तीनदा झालं. आणि डिंक लावायचा नाहीये.

डबाबंद
डिंक लावूच नका.

शनवारपेठी
पुणेरी पगडी घ्या. आमच्याकडे

चाळकरी
नको.

अण्णा_६२
बाळकृष्णाच्या पगड्याही नंबरावर मिळतात. आतून पोकळ, मोती लावलेल्या, मागे दोरी असते. मी फक्त सांगतो.

कैरीचं_पन्हं
अण्णा!!! आत्ता स्टेशनजवळच्या दुकानातून आले. केनला पिशवीत घालून नेलं होतं, दुकानदाराने न हसता तीन नंबर डोक्यावर घालून दाखवले. दोन नंबरची बसली. ४५ रुपये. मागची दोरी मानेखाली बांधली, उपरण्यात लपते.

टीपटाप
अण्णा, लॅम्पशेडचं मागे घेतो.

अण्णा_६२
आमच्या हिला वाचून दाखवलं. ती विचारतेय, नवरीला नथ केली का?

जर्सीकर
१८ इंचीचे कपडे हवे असतील तर डिसेंबरमध्ये येताना आणू शकतो. कुठला साइझ?