टॉकीज पाडायची की राखायची?

तापीकाठचा
गावातली टॉकीज पाडून खाली गाळे, वर फ्लॅट होणार म्हणे. मालकांची जागा आहे, हक्क त्यांचाच. पण दर्शनी भिंत आणि वरची प्रोजेक्टर मशीनची खोली तरी ठेवावी, असं मला वाटतं. ती खोली आतून पाहिलीय का कुणी? जाड भिंती, पडद्याकडे चौकोनी झरोके, पत्र्याचं दार. आधीची नायट्रेट फिल्म भसकन पेटायची, आग लागलीच तर आतल्या आत राहावी म्हणून तसं बांधायचे. एक रीळ वीसेक मिनिटांत संपायचं, म्हणून मशीनं दोन. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे चार किलोमीटरहून जास्त फिल्म! खान्देशातली वितरकांची ऑफिसं भुसावळला, पेट्या तिथून रेल्वेने यायच्या. पॅसेंजर लेट झाली की डोअरकीपर सायकल घेऊन स्टेशनवर उभा.

केळीवाला
भाऊ, पुण्यात बसून आठवणी काढणं सोपं आहे. आते आठे काय शे? कबुतरं नी घाण. पावसाळ्यात मागची भिंत फुगते, खालून शाळेची पोरं जातात. घरपट्टी मालक भरतो, आठवणी तुमच्या. बंद पडायच्या आधी शेवटचं तिकीट कधी काढलं होतं, ते सांगा आधी.

तापीकाठचा
नव्हतं काढलं, कबूल. पण टॉकीज काय एकट्या प्रेक्षकाने बुडवली? २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट मिळाली, एका पडद्याच्या टॉकीज तशाच राहिल्या. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर जपलंच ना लोकांनी?

केळीवाला
मूसांच्या घरात त्यांचे फोटो, चित्रं होती. इथे आत काय? ढेकणांच्या खुर्च्या.

माहेरवाशीण
दोघंही पुरुषांचीच टॉकीज सांगताय. आम्हाला बाजूचा लेडीज स्टॉल, मध्ये कमरेएवढी भिंत. नऊ ते बाराला जायचं नावच काढायचं नाही. आई बाजाराच्या दिवशी तीनच्या खेळाला न्यायची, पिशवीत मेथीची जुडी, मांडीवर धाकटा. घरी सांगायचं, भाजीला वेळ लागला. आईला त्या तीन तासांत कुणी हाक मारत नव्हतं. तरीही मी पाडा म्हणेन. त्या भिंतीसाठी मला रडू येणार नाही. गाळ्यांच्या वर बायकांसाठी एक स्वच्छ संडास बांधा, बाजाराला येणाऱ्या दुवा देतील.

कार्बनकाडी
माझे वडील तिथे ऑपरेटर होते, म्हणून बोलतो. उजेडासाठी दोन कार्बनच्या काड्या जळायच्या. त्या झिजतील तशा पुढे सरकवाव्या लागायच्या, नजर हलली की पडदा पिवळा आणि खालून शिट्ट्या. मे महिन्यात वर पत्रा, आत ती भट्टी. अण्णा बनियन पिळून परत घालायचे. तुम्ही जपायची म्हणता ती खोली त्यांना एकदाही आवडली नाही. भिंत पाडली तरी चालेल. मशीन मात्र किलोच्या भावाने जाऊ देऊ नका, जिल्ह्याच्या एखाद्या संग्रहालयाला विचारा.

केळीवाला
हे पटलं. एक मशीन अजून वरच आहे, दुसरं आधीच गेलं. मालकांशी बोलतो, पण उतरवायला चार माणसं लागतील. तापीकाठचे, येताय का?

तापीकाठचा
शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो.