मॅश ढवळायला लाकडी पॅडल करतोय, पाइन चालेल का?

गॅरेज_ब्रूवर_एनजे:
मंडळी, वर्षभर घरी बिअर करतोय, ५ गॅलनची बॅच, गॅरेजमधेच. प्लॅस्टिकचा लांब चमचा होता तो परवा मॅशमधे (गरम पाण्यात कालवलेलं भरडलेलं माल्ट) चक्क वाकला, ६७ डिग्रीला साडेचार किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) म्हणजे घट्ट पिठलंच की ते, गुठळ्यांसकट. आता ३ फुटी पॅडल स्वतःच करावं म्हणतो. घरात पाइनच्या फळ्या पडल्यात, शिवाय जुना डेक तोडला त्याचं लाकूड आहे. चालेल? आणि पॉलिश कुठलं मारू?

रंधा:
डेकचं लाकूड अजिबात नको! अमेरिकेत २००३ पर्यंत घरांच्या डेकला आर्सेनिकवालं ट्रीटमेंट सर्रास असायचं, नंतरच्यातही तांब्याची केमिकल्स असतात. पाइन गरम पाण्यात राळ सोडतं, वास उतरतो. सरळ हार्ड मेपल आण, छिद्रं बारीक, वास नाही, चव नाही. चेरी, बीचही छान.

कोकणी_माणूस:
ओक स्वस्त मिळतोय माझ्याकडे, तो का नको? पिंपं ओकचीच असतात ना

रंधा:
पिंपं व्हाइट ओकची. रेड ओकची नळीसारखी छिद्रं मोकळी असतात, छोट्या तुकड्याचं एक टोक पाण्यात धरून दुसरीकडून फुंक, बुडबुडे येतात. त्यात मॅश शिरला की धुऊन निघत नाही, आंबतो. व्हाइट ओकची छिद्रं आतून बुजलेली असतात म्हणून तर दारू गळत नाही.

सागप्रेमी:
आईचं सागवानी उलथनं वीस वर्षं टिकलं, त्यामुळे साग वाईट नाही, पण तिथे भाव ऐकून घाम फुटेल. पॉलिश नकोच. ओलं करून वाळव, तंतू उभे राहतात ते घास, असं दोनदा कर. फारच वाटलं तर खायला चालणारं मिनरल ऑइल किंचित. दुकानातलं बॉइल्ड लिनसीड नको हां, त्यात धातूंचे ड्रायर (तेल लवकर वाळवणारी रसायनं) असतात. पात्याला इंचभराची चार-पाच भोकं पाड, गुठळ्या तिथेच फुटतात.

नॉर्वेहून:
एक राहिलं, लाकूड फक्त उकळायच्या आधी. वर्ट (मॅश गाळून उकळलेलं गोड पाणी) थंड झाल्यावर स्टीलच, कारण लाकडात जंतू बसतात ते सॅनिटायझरने पूर्ण जात नाहीत. इकडचे जुने शेतकरी यीस्ट मुद्दाम लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या वेळेपर्यंत जपायचे, यावरून समजा लाकूड किती धरून ठेवतं ते!

गॅरेज_ब्रूवर_एनजे:
मेपल आणलं. फळी जरा जास्तच लांब मिळाली, तर उरलेल्या तुकड्यावर बायकोने आत्ताच पोळीचं लाटणं करायला हक्क सांगितलाय 😀