शब्दचर्चा : वीरनारी, माजी सैनिक विधवा आणि वारस दाखला

पेठकर : दिवंगत माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी पुणे जिल्ह्यात वाटायचं मराठी माहितीपत्रक करतोय. ‘वीरनारी’ आणि ‘माजी सैनिक विधवा’ एकच का? ‘वारस दाखला’ नक्की कुठे लिहायचा? आणि ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ हा शब्द वाचणाऱ्या बाईला कळेल का?

घोरपडीकर : एकच नाहीत. युद्धात किंवा शत्रूशी, अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत जवान गेला, तर त्याची पत्नी वीरनारी किंवा वीरपत्नी. निवृत्त होऊन घरी आल्यावर आजारपणानं गेलेल्याची पत्नी कागदोपत्री ‘माजी सैनिक विधवा’. बोलताना सगळ्यांनाच मानानं वीरनारी म्हणा, पण अर्जात कागद जे सांगतात तेच लिहा, नाहीतर छाननीत अडकतं. ‘शहीद’ हा शब्दही संरक्षण मंत्रालयाच्या परिभाषेत नाही. तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात.

हे भांडण नुसत्या शब्दाचं नाही. पेन्शनचा दर मृत्यूच्या कारणावर ठरतो. सामान्य कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, विशेष 60 टक्के, आणि लढाईतल्या मृत्यूसाठीची उदारीकृत 100 टक्के. विशेष पेन्शनची अट मराठीत अशी लिहा : ‘आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला असावा’. ‘बळावणे’ गावातल्या माणसालाही लगेच कळतं. ‘सेवा-आरोप्य’ असलं काही घालू नका.

हिशेबनीस : सामान्य पेन्शनमध्ये ‘वाढीव दर’ हा शब्द समजावून लिहाच. निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर आधी 7 वर्षं किंवा तो माणूस 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यात जे आधी येईल तोवर 50 टक्के मिळतात. पुढे 30. 62व्या वर्षी गेला, तर वाढीव दर 5 वर्षंच. 67 पूर्ण झाल्यावर गेला, तर पहिल्या महिन्यापासून 30. दर उतरला की घरातले ‘पेन्शन कापली’ म्हणून बँकेत जातात. वाढीव दर कधी संपणार ती तारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, छापलेली असते. पत्रकात त्या ओळीचं चित्र टाका.

कोर्टपायरी : ‘वारस दाखला’ हा सगळ्यात महाग पडणारा शब्द. लोक तीन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव देतात. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी. 1827च्या मुंबई विनियमाखाली न्यायालय देतं ते वारस प्रमाणपत्र. आणि 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, जे येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं. पीपीओवर पत्नीचं नाव असेल, तर कुटुंब पेन्शन सुरू करायला यांतलं एकही लागत नाही. मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पॅन आणि बँक खातं पुरतं. न्यायालयाचा कागद लागू शकतो तो पेन्शनरच्या हयातीतल्या थकबाकीला, तेही नामनिर्देशन केलेलं नसेल तर. एवढं न समजल्यामुळे वकिलाची फी आणि महिने फुकट जातात.

घोरपडीकर : खरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. पार्ट टू ऑर्डरला (लग्नासारख्या घरगुती नोंदींचा लष्करी आदेश) लागलेलं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, मृत्यूच्या दाखल्यावर घरात हाक मारायचं. शिवाय इंग्रजी स्पेलिंगात कुठेतरी एक जास्तीचा ‘ए’. ही दुरुस्ती बँक करत नाही. प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून जवानाच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जायचं, त्यांच्या शिफारशीवर प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून दुरुस्ती पीपीओ निघतो. याला ‘नावदुरुस्ती’ म्हणा, सगळ्यांना कळतं. आणि ठळक लिहा : पेन्शनर हयात असतानाच डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. त्याच्या सहीनं होणारं काम पुढे तिला एकटीला फार जड जातं.

हिशेबनीस : मृत्यूची खबर ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर किंवा बँकेत लगेच द्यायची. नंतर जमा झालेली पेन्शन वसूल होते, आणि ती खर्च झालेली असली तर फार त्रास होतो. हयातीचा दाखला पत्नीनं तिच्या स्वतःच्या आधारवर नव्यानं काढायचा, नवऱ्याचा जुना चालत नाही.

पेठकर : ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्यासाठीची ‘पेन्युरी ग्रँट’?

घोरपडीकर : ‘दारिद्र्य अनुदान’ कृपया नको, त्या शब्दानं माणूस अर्जच करत नाही. ‘निर्वाह अनुदान’ लिहा, सोबत ‘पेन्युरी’ राहू द्या, कारण कार्यालयात तेच बोलतात. हवालदार हुद्द्यापर्यंतचे, पेन्शन नसलेले, 65 वर्षांवरचे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा पात्र. पूर्वी महिना 4,000 रुपये होते, 1 नोव्हेंबर 2025पासूनच्या अर्जांना 8,000. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर करायचा, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करतं.

कोर्टपायरी : शीर्षकाला ‘कुटुंब पेन्शन’ ठेवा. ‘निवृत्तिवेतन’ एकदाच द्या, म्हणजे सरकारी पत्र हातात आलं की ओळख पटेल.

हिशेबनीस : एक शब्द राहिला : ‘अंशराशीकरण’, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणं. लोक ‘पेन्शन विकली’ म्हणतात, तेच लिहा. नवऱ्यानं विकलेल्या भागाची कपात बायकोच्या कुटुंब पेन्शनमधून होत नाही. ही भीती बऱ्याच घरांत असते, म्हणून हे वाक्य पहिल्या पानावर घ्या.